किड ड्रॅक्युला

किड ड्रॅक्युला : जपानमधील कोनामी या कंपनीने निन्टेंडो कंपनीच्या गेम बॉय या हाती धरून खेळावयाच्या यंत्रासाठी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला विनोदी व्हिडिओ खेळ. त्याचे मूळ जपानी नाव ‘बोकु ड्राक्युरा-कुन’ असे आहे. जपानीत ‘बोकु’ हे मुलगे स्वतःविषयी बोलताना वापरतात ते ‘मी’ या अर्थाचे सर्वनाम असून ‘कुन’ हा मुलांच्या नावापुढे लावावयाचा सलगीचा प्रत्यय आहे. ‘मी ड्रॅक्युला-बाळ’ असा या नावाचा स्थूल अर्थ होतो. शंभर वर्षे ज्या नावाने वाचकांना व प्रेक्षकांना भिवविले, त्याला बालसुलभ सर्वनाम आणि प्रत्यय जोडण्यातच या खेळाच्या विनोदाचे बीज आहे. उंचसखल फलाटांवरून उड्या मारीत व शत्रूंना चुकवीत वा मारीत पुढे जावयाच्या ‘प्लॅटफॉर्म’ प्रकारात तो मोडतो. अशा खेळांत राक्षस हा सामान्यतः मारला जाणारा असतो. येथे खेळणाऱ्यालाच राक्षसाची भूमिका देण्यात आली आहे. भूमिकांची ही अदलाबदल कोणत्या परिस्थितीत घडली, ती कितपत पुरी झाली आणि तिचा अवशेष आज कोणत्या स्वरूपात उरला आहे, हे व्हिडिओ खेळांच्या इतिहासाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

ड्रॅक्युलाची परंपरा : रक्तपिपासू प्रेतांविषयीच्या समजुती पूर्व यूरोपच्या लोककथांत जुन्या असल्या, तरी ड्रॅक्युला हे पात्र ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाच्या १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्रॅक्युला या कादंबरीमुळे जगप्रसिद्ध झाले. १९३१ च्या अमेरिकन चित्रपटात बेला लुगोसी या नटाने साकारलेला, काळा झगा परिधान केलेला सरदार हीच पुढे त्याची रूढ प्रतिमा ठरली. भयाची प्रतिमा सर्वपरिचित झाली की तिची थट्टा सुरू होते. ॲबट व कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या १९४८ मधील चित्रपटात स्वतः लुगोसीनेच ड्रॅक्युलाची भूमिका केली, तर अमेरिकन दूरचित्रवाणीवरील सेसमी स्ट्रीट या बालकार्यक्रमात १९७२ पासून ड्रॅक्युलाच्या वेषातील एक बाहुला मुलांना अंक शिकवू लागला.

जपानमध्ये या थट्टेस अनुकूल भूमी होती. तेथील ‘योकाई’ म्हणजे भुताखेतांच्या कल्पनेत भीतीइतकाच खट्याळपणाही असतो; शंभर भुतांच्या रात्रमिरवणुकीची मध्ययुगीन चित्रपटे आणि तोरियामा सेकिएन याने १७७६ मध्ये काढलेला भुतांचा चित्रसंग्रह यांत ते स्पष्ट दिसते. विसाव्या शतकात चित्रकथाकारांनी हा वारसा पाश्चात्त्य भुतांपर्यंत नेला. फुजिको फुजिओ यांच्या काइबुत्सु-कुन (१९६५) या चित्रकथेत राक्षसांच्या देशाचा बालराजपुत्र मनुष्यलोकात राहावयास येतो. ड्रॅक्युला, लांडगामाणूस व फ्रँकेन हे त्याचे सेवक असतात. ओसामु तेझुका यांच्या डॉन ड्रॅक्युला (१९७९) मध्ये तर ड्रॅक्युला टोकिओत येऊन संसाराच्या अडचणींत सापडतो. भुताला घरगुती करून टाकण्याची ही रीत खेळकर्त्यांच्या पिढीने लहानपणीच पाहिलेली होती.

मालिकेची पूर्वपीठिका : कोनामी ही कंपनी कागेमासा कोझुकी यांनी ओसाका येथे १९६९ मध्ये स्थापन केली. १९८६ मध्ये तिने फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रासाठी अकुमाजो ड्राक्युरा (दैत्यदुर्गातील ड्रॅक्युला) हा खेळ काढला. जपानबाहेर तो कॅसलव्हेनिया या नावाने प्रसिद्ध आहे. बेल्मॉन्ट घराण्याचा वीर हाती चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो आणि वटवाघळे, सांगाडे, मेदुसा, फ्रँकेनस्टाइनचा राक्षस व साक्षात मृत्यू यांना हरवून अखेरीस ड्रॅक्युलाशी लढतो, अशी त्याची मांडणी आहे. खेळाची बाह्य प्रकृती गंभीर असली, तरी त्याच्या शेवटी येणारी श्रेयनामावली मात्र विनोदी होती. तीत ‘बेलो लुगोसी’, ‘बोरिस कार्लॉफिस’, ‘ख्रिस्टोफर बी’ अशी भयपटांतील नटांची विडंबित नावे आढळतात. ‘व्रॅम स्टोकर’ या नावात तर कादंबरीकाराचे नाव आणि चित्रांसाठी राखलेल्या संगणकीय स्मृतीचे लघुनाम यांवर श्लेष साधलेला आहे. म्हणजेच विडंबन ही मालिकेत मागाहून घातलेली भर नव्हती. स्वतःच्याच खेळांची थट्टा करण्याची प्रथा कोनामीत याच सुमारास रुजली. ग्रॅडियस या अवकाशयुद्धाच्या खेळाचे विडंबन करणारा पॅरोडियस आणि कंपनीच्या निरनिराळ्या खेळांतील पात्रे एकत्र आणणारा वाय वाय वर्ल्ड हे दोन्ही खेळ १९८८ मधील होत.

पहिला अवतार : बोकु ड्राक्युरा-कुन हा खेळ प्रथम फॅमिकॉमसाठी १९ ऑक्टोबर १९९० रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. दहा हजार वर्षांच्या निद्रेतून जागा झालेला बालड्रॅक्युला स्वतःला दैत्यांचा राजा समजतो. परंतु गॅलमॉथ नावाच्या सरपटणाऱ्या प्राण्यासारख्या महाकाय राक्षसाने त्याच्या अधिकाराला आव्हान दिलेले असते. मूळ मालिकेत जो किल्ला शेवटी जिंकावयाचा असतो, तो येथे नायकाचे घर असून तेथूनच प्रवास सुरू होतो. पहिल्या टप्प्याचे संगीतही १९८९ च्या तिसऱ्या कॅसलव्हेनियातील एका धीरगंभीर चालीचे खेळकर रूप आहे. पुढे नायक न्यूयॉर्कला पोहोचतो, तेव्हा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा त्याला अडवितो व लढाईऐवजी अमेरिकेविषयीची प्रश्नमंजुषा घालतो. निर्णायक युद्धाची अपेक्षा करणाऱ्या खेळाडूपुढे शाळेतील चाचणी यावी, ही या खेळाच्या विनोदाची प्रातिनिधिक तऱ्हा होय.

या खेळास काळ मात्र अनुकूल नव्हता. तो निघाल्यानंतर सुमारे महिन्याभराने, २१ नोव्हेंबर १९९० रोजी, निन्टेंडोचे सुपर फॅमिकॉम हे अधिक समर्थ यंत्र जपानमध्ये विक्रीस आले. फॅमिकॉमवरील बालड्रॅक्युला त्या काळी जपानबाहेर गेला नाही. पाश्चात्त्य खेळाडूंना त्याची पहिली ओळख झाली ती १९९३ मध्ये आणि अगदी वेगळ्या यंत्रावर.

गेम बॉय व त्याच्या मर्यादा : गुनपेई योकोई व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेले गेम बॉय हे यंत्र एप्रिल १९८९ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या, स्वस्त व पारखलेल्या तंत्राचा नव्या दिशेने उपयोग करावा, असे योकोई यांचे सूत्र होते. यंत्राचा पडदा १६० × १४४ बिंदूंचा असून त्यावर केवळ चार छटा दिसत; त्यामागे दिवा नव्हता. त्याच काळातील लिंक्स व गेम गिअर या प्रतिस्पर्धी यंत्रांचे पडदे रंगीत व प्रकाशित होते; पण त्यांना सहा विद्युत्‌घट लागत आणि तेही लवकर संपत. गेम बॉय चार लहान घटांवर पुष्कळ तास चाले. किंमत व टिकाऊपणा यांच्या बळावर ते जिंकले. गेम बॉय व त्याची पुढील रंगीत आवृत्ती मिळून सु. ११·८७ कोटी यंत्रे विकली गेली.

या पडद्याचा एक दोष खेळकर्त्यांना फार जाचे. आकृती वेगाने सरकली की तिचा माग पुसट रेषेसारखा मागे राही. १९८९ मध्ये गेम बॉयसाठी निघालेल्या कॅसलव्हेनिया : दि ॲडव्हेंचर या खेळातील वीराच्या संथ चालीवर बरीच टीका झाली. उंच, प्रमाणबद्ध मानवाकृती आणि भयाण वातावरण यांना तो इवलासा पडदा अपुरा पडे. उलट मोठे डोके, टपोरे डोळे व आखूड धड असलेली बालाकृती थोड्या बिंदूंतही ठसठशीत उठून दिसते आणि तिच्या चेहऱ्यावरील भाव चार छटांतही वाचता येतात. जो पडदा भयाला प्रतिकूल होता, तोच विनोदाला मानवला. बालड्रॅक्युलाचे यश केवळ कल्पनेचे नव्हते. कल्पना आणि साधन यांचा तेथे मेळ बसला.

कथानक व खेळाची रीत : गेम बॉयवरील खेळ हा फॅमिकॉमवरील खेळाचा केवळ संक्षेप नसून त्याचा पुढील भाग आहे. गॅलमॉथ परत आलेला असतो. बालड्रॅक्युला त्याच्याशी लढावयास उत्साहाने निघतो. परंतु त्याच्या बहुतेक विद्या त्याला आठवत नाहीत, हे त्याच्या लक्षात आणून दिले जाते. ही आठवण करून देणारा पालक म्हणजे मृत्यू. मूळ मालिकेत ज्याच्या विळ्याने असंख्य खेळाडूंना हैराण केले, तो येथे विसराळू शिष्याच्या काळजीने ग्रासलेल्या वृद्ध गुरुजींसारखा वागतो.

नायकाच्या हाती शस्त्र नाही. तो अग्निगोळे फेकतो. एक कळ उडीची व दुसरी माऱ्याची. माऱ्याची कळ काही वेळ दाबून धरून सोडली की निवडलेली विद्या प्रकट होते. शत्रूचा पाठलाग करणारे गोळे, वटवाघळाचे रूप घेऊन थोडा वेळ उडणे, छताला पाय लावून उलटे चालणे इ. विद्या टप्प्याटप्प्याने त्याला परत मिळतात. स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला किल्ल्याच्या भिंतीवरून डोके खाली करून सरपटत उतरतो, तो प्रसंग भयकारी आहे; येथे त्याच अमानुष सामर्थ्याचे लहान मुलाच्या कसरतीत रूपांतर झाले आहे. टप्प्यांच्या दरम्यान जमविलेली नाणी खर्चून जत्रेतल्यासारखे लहान नशिबाचे खेळ खेळता येतात व जादा प्राण जिंकता येतात.

विनोदाचे स्वरूप : या खेळातील नायक सुधारलेला राक्षस नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तो माणसांचे रक्षण करीत नाही, पश्चात्तापही करीत नाही. गॅलमॉथशी त्याचे भांडण सिंहासनासाठी आहे. खेळाडूची सहानुभूती त्याला मिळते ती त्याच्या सद्‌गुणांमुळे नव्हे, तर तो लहान, बढाईखोर व विसराळू असल्यामुळे. बालकथांतून राक्षसाला सज्जन बनवून त्याचे राक्षसपण काढून घेण्याची प्रथा पुष्कळ आढळते. येथे ते टाळलेले आहे. मात्र अदलाबदलही पूर्ण झालेली नाही. प्लॅटफॉर्म खेळाला शत्रू लागतोच. त्यामुळे एक राक्षस नायक झाल्यावर दुसऱ्याला खलनायक व्हावे लागले. राक्षस कोण हे येथे मुळात ठरते ते रूपावरून नव्हे, तर खेळाडूच्या हातात कोणाची सूत्रे आहेत यावरून, असा निष्कर्ष हा खेळ काहीही उपदेश न करता सुचवितो.

समकालीन खेळ : गेम बॉयवर प्रतिपक्षाला नायकत्व देणारा हा एकमेव खेळ नव्हता. कॅपकॉम कंपनीच्या गार्गॉइल्स क्वेस्ट (१९९०) मध्ये घोस्ट्स अँड गॉब्लिन्स (१९८५) या खेळातील एक त्रासदायक पंखधारी शत्रू नायक झाला. परंतु त्या खेळाचा सूर गंभीर आहे. निन्टेंडोच्या वारिओ लँड (१९९४) मध्ये आधीच्या खेळातील लोभी खलनायक वारिओ स्वतःच्या धनलोभासाठी भटकतो. हा योगायोग म्हणता येत नाही. लहान यंत्रावरील खेळाचा निर्मितिखर्च तुलनेने कमी असे आणि मुख्य मालिकेची प्रतिष्ठा त्यात पणाला लागत नसे. गार्गॉइल्स क्वेस्टच्या जपानी नावातच ‘उपकथा’ या अर्थाचा शब्द आहे. प्रस्थापित नायकाला बाजूला सारून पाहण्यास अशी उपकथाच सोयीची असते.

उत्तरकाल व जतन : गेम बॉयवरील खेळानंतर बालड्रॅक्युलाची स्वतंत्र मालिका पुढे चालली नाही. त्याचा शत्रू मात्र टिकला. १९९७ मधील कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट या गंभीर व बहुमान्य खेळात ड्रॅक्युलाचा पुत्र ॲल्युकार्ड याला एका प्रचंड आकाराच्या गॅलमॉथशी झुंजावे लागते. विडंबनातून जन्मलेले पात्र मूळ परंपरेत दाखल झाल्याचे हे उदाहरण होय.

भारतात १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या नकला शहरांतून विकल्या जात व मुले त्यांच्या कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हणत. पण तेव्हाच्या बहुतेक खेळांप्रमाणे याचेही अस्तित्व त्या नाशवंत डब्यांवरच अवलंबून होते. ग्रंथाची प्रत जुने यंत्र नसतानाही वाचता येते. खेळाचे तसे नाही. यंत्र मोडले किंवा विकणे बंद झाले, की खेळ असूनही नसल्यासारखा होतो. मे २०१९ मध्ये कोनामीने कॅसलव्हेनिया ॲनिव्हर्सरी कलेक्शन हा संग्रह नव्या यंत्रांसाठी काढला, तेव्हा फॅमिकॉमवरील मूळ खेळ एकोणतीस वर्षांनी प्रथमच अधिकृत इंग्रजी भाषांतरासह उपलब्ध झाला. त्याच संग्रहात गेम बॉयवरील कॅसलव्हेनिया मालिकेचे दोन गंभीर खेळ समाविष्ट आहेत. परंतु ज्या खेळाने बालड्रॅक्युलाला जपानबाहेर नेले, तो गेम बॉयवरील किड ड्रॅक्युला त्यात नाही. विनोदी कृती किरकोळ समजून मागे टाकण्याची प्रवृत्ती वाङ्‌मयाच्या इतिहासात जशी दिसते, तशीच ती या तरुण कलेच्या जतनातही दिसून येते. परंपरेतील भय कोणत्या टप्प्यावर हास्यात बदलले, हे जाणण्यासाठी अशा कृती मुख्य प्रवाहातील कृतींइतक्याच आवश्यक आहेत.