झुरक्याचा पर्याय : काहींना जमतो, काहींना का नाही?

रोज एक पाकीट ओढणारी दोन माणसं एकाच सुमारास व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, हातात घेतात. एकाची सिगारेट महिन्याभरात सुटते. दुसऱ्याच्या एका खिशात व्हेप आणि दुसऱ्या खिशात पाकीट, असं वर्षभर चालू राहतं. पहिल्याला आपण निग्रही ठरवतो आणि दुसऱ्याला कच्च्या मनाचा. हा निवाडा अन्यायाचा आहे. सिगारेट माणसाला एका नव्हे, चार-पाच गाठींनी बांधते आणि कोणाची कोणती गाठ घट्ट बसली आहे हे माणसागणिक वेगळं असतं. पर्याय म्हणून आलेल्या प्रत्येक वस्तूनं यातली एखाद-दुसरी गाठ सैल केली, बाकीच्या तशाच राहिल्या. म्हणून या वस्तूंचा मागोवा घेतला, तर वरच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर हाती लागतं.

सुरुवात सिगारेटपासूनच करावी लागते. 1839 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या कॅसवेल परगण्यात स्टीफन नावाचा एक गुलाम तंबाखू वाळवण्याच्या कोठारातल्या आगीवर लक्ष ठेवून होता. त्याचा डोळा लागला आणि आग विझत आली. जाग येताच त्यानं भट्टीजवळचा कोळसा आणून टाकला. त्या कडक, कोरड्या उष्णतेनं पानं झळझळीत पिवळी झाली. या तंबाखूत साखर अधिक टिकते आणि तिचा धूर आम्लधर्मी होतो. सगळं पुढचं रामायण इथून सुरू होतं. चिरूट किंवा चिलमीचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातलं निकोटीन तोंडातच शोषलं जातं, पण तो धूर छातीत घेतला की घसा सोलवटतो. पिवळ्या तंबाखूचा धूर मात्र सहज आत जातो. फुफ्फुसांच्या अफाट पृष्ठभागावर निकोटीन रक्तात उतरतं आणि दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं.

1881 मध्ये जेम्स बॉन्सॅकनं सिगारेट वळणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं. जेम्स ड्यूक या कारखानदारानं ते यंत्र डरहॅममध्ये चालवलं आणि हातानं वळली जाणारी महाग वस्तू दिवसाला लाखाच्या हिशेबानं बाहेर पडू लागली. एका सिगारेटचे साधारण दहा झुरके धरले, तर पाकीटभर ओढणारा माणूस दिवसाला दोनशे आणि वर्षाला त्र्याहत्तर हजार झुरके घेतो. प्रत्येक झुरक्यामागे काही सेकंदांत मिळणारं बक्षीस आणि त्याभोवती चहा, जेवण, फोन, वाट पाहणं, मित्रांचा घोळका. इतका सराव माणूस दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा क्वचितच करतो.

लंडनच्या मायकेल रसेल या मानसोपचारतज्ज्ञानं 1976 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक साधी पण दूरगामी मांडणी केली : ओढ असते ती निकोटीनची, जीव घेतात ती धुरातली टार आणि इतर विषं. म्हणजे निकोटीन धुरापासून सुटं करून देता आलं, तर माणूस वाचू शकेल. तोवर स्वीडनमध्ये हे काम सुरूही झालं होतं. 1967 मध्ये लुंडच्या दोन संशोधकांनी औषध कंपनीत काम करणाऱ्या ओव्हे फेर्नो या मित्राला पत्र लिहिलं. पाणबुडीत आणि विमानात, जिथे धूर काढणं शक्य नव्हतं, तिथली माणसं तंबाखू चघळून तलफ भागवतात हे त्यांनी पाहिलं होतं. फेर्नो स्वतः अट्टल सिगारेट ओढणारा. त्यानं निकोटीनचा च्युइंगगम घडवला. 1978 मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये आणि 1984 मध्ये अमेरिकेत मान्य झाला.

पण गममधलं निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू शिरतं. त्याला कळस गाठायला अर्धा तास लागतो, सिगारेटला काही मिनिटं. गम साध्या च्युइंगगमसारखा भराभर चावला, तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, यकृत त्याची वाट लावतं आणि पदरी उचकी व जळजळ येते. दोन-चार वेळा चावून तो गालात दाबून ठेवायचा असतो आणि त्या आधी कॉफी किंवा सरबत प्यायचं नसतं, कारण आम्लामुळे शोषण मंदावतं. हे कोणी नीट सांगितलं नाही म्हणून ‘गमचा काही उपयोग नाही’ असं ठरवणारे पुष्कळ.

त्यानंतर आली निकोटीनची चिकटपट्टी, पॅच. तंबाखूची ओली पानं खुडणाऱ्या मजुरांना मळमळतं, गरगरतं, कारण निकोटीन कातडीतून आत जातं. अमेरिकेत मरे जार्विक आणि जेड रोझ यांनी 1980च्या दशकात त्यावरून पॅचची कल्पना मांडली आणि पहिले प्रयोग स्वतःवर केले. पॅच दिवसभर एकसारखं निकोटीन पुरवतो. अंगाची तडफड शांत होते. पण झुरक्याचा तो एकदम येणारा उसळा त्यात नाही, आणि हात मोकळेच राहतात.

रोझ यांनी पुढे ड्यूक विद्यापीठात केलेला एक प्रयोग या सगळ्याच्या मुळाशी जातो. काही वेळा त्यांनी ओढणाऱ्यांना शिरेतून थेट निकोटीन दिलं आणि काही वेळा निकोटीन जवळजवळ काढून टाकलेल्या सिगारेटी ओढायला दिल्या. तत्काळ समाधान कशानं मिळालं? निकोटीन नसलेल्या धुरानं! घशाला बसणारा तो ओळखीचा चिमटा, छातीत भरणारा धूर, ओठांवरचा स्पर्श यांनी तलफ खाली आली. शिरेतल्या निकोटीननं तेवढी आली नाही. गम आणि पॅच यांनी एक गाठ सोडवली होती, पण ही दुसरी गाठ त्यांच्या आवाक्याबाहेर होती.

ती सोडवण्याची कल्पना जुनी होती. पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्टनं धूर आणि तंबाखूविना चालणाऱ्या सिगारेटसाठी 1963 मध्ये अर्ज केला आणि 1965 मध्ये पेटंट मिळवलं. पण ते बनवायला कोणी पुढे आलं नाही. 1988 मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स या बड्या तंबाखू कंपनीनं ‘प्रीमियर’ आणली. तिच्या टोकाशी कोळशाचा तुकडा होता. तो तंबाखू जाळण्याऐवजी तापवायचा. ती ओढायला जड, पेटवायला अवघड आणि चवीला वाईट होती. वर्षभरातच ती गुंडाळावी लागली. ओढणाऱ्याला कमी घातक वस्तू दिली आणि समाधान दिलं नाही, तर तो जुन्याकडेच परततो, हा धडा त्यातून मिळाला.

मग चीनच्या शेनयांग शहरात होन लिक या औषधतज्ज्ञानं खटपट सुरू केली. त्याचे वडील सिगारेट ओढणारे, फुफ्फुसाच्या कर्करोगानं गेले. तो स्वतः दिवसाला दोन-तीन पाकिटं ओढायचा. त्यानं पॅच लावून पाहिला. एकदा रात्री तो काढायला विसरला आणि झोपेत भयानक स्वप्नांनी हैराण झाला. सिगारेट रात्री थांबते, पॅच थांबत नाही. 2003 मध्ये त्यानं बॅटरीवर चालणारी, द्रवाची वाफ करणारी नळी तयार केली आणि पुढच्या वर्षी ती चीनमध्ये बाजारात आली. हात, ओठ, घसा, डोळ्यांसमोरचा ढग, सगळं तिच्यात होतं. तरीही हाच होन लिक पुढेही सिगारेट आणि व्हेप दोन्ही वापरत राहिला. खुद्द शोधकर्त्यालाही पूर्ण सुटका मिळाली नाही, मग इतरांना एकट्या निग्रहाच्या मापानं मोजण्यात काय अर्थ?

त्या पहिल्या पिढीच्या यंत्रांत उणीव होती ती निकोटीनची. 2010 मध्ये अमेरिकेतल्या थॉमस आयसेनबर्ग यांनी दोन ब्रँड तपासले, तेव्हा दहा झुरक्यांनंतरही ओढणाऱ्यांच्या रक्तात निकोटीन जेमतेम वाढलं. 2013 मध्ये न्यूझीलंडच्या 657 जणांवरच्या चाचणीत सहा महिन्यांनी व्हेपवाल्यांपैकी 7.3 टक्के आणि पॅचवाल्यांपैकी 5.8 टक्के सिगारेटमुक्त होते, फरक नगण्य. पुढे मोठी बॅटरी आणि द्रव भरायची टाकी असलेली यंत्रं आली. इंग्लंडच्या सरकारी केंद्रांतल्या 886 जणांवर पीटर हायेक यांनी घेतलेली चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. सोबत समुपदेशन होतं. वर्षअखेर व्हेप गटातले 18 टक्के आणि पॅच-गम गटातले 9.9 टक्के सिगारेटपासून दूर होते. यश जवळपास दुप्पट! पण या आकड्यांची दुसरी बाजूही वाचावी. शंभरातल्या ब्याऐंशी जणांना व्हेपनंही जमलं नाही आणि ज्यांना जमलं त्यांतले 80 टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते.

तर मग ते अठरा कोण आणि ब्याऐंशी कोण? पहिली खूण सकाळची. उठल्यावर पाच मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागते, की जेवणानंतर आठवण होते? स्वीडनच्या कार्ल ओलोव फागरस्ट्रॉम यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत या प्रश्नाला मोठं वजन आहे. दुपारपर्यंत थांबू शकणाऱ्याला साधं यंत्रही पुरतं. पहाटेच तलफ येणाऱ्याला कमी मात्रेचं व्हेप म्हणजे उपासाला लाह्या.

दुसरी खूण जन्मजात. यकृतातलं एक विकर निकोटीन मोडतं आणि त्याचा वेग प्रत्येकात वेगळा असतो. भराभर मोडणाऱ्याच्या रक्तातलं निकोटीन लवकर उतरतं, तलफ लवकर परतते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असं दिसलं, की सामान्य वेगानं निकोटीन मोडणाऱ्यांना व्हॅरेनिक्लिन ही गोळी पॅचपेक्षा जास्त उपयोगी पडते, तर मंद वेगाच्या लोकांना पॅचही तेवढंच काम देतो. यात चारित्र्याचा प्रश्न येतोच कुठे?

तिसरी गोष्ट हातोटीची. सिगारेटचा झुरका साधारण दोन सेकंदांचा असतो. व्हेपमधल्या तारेला तापायला वेळ लागतो. तिथे झुरका चारेक सेकंद सावकाश घ्यावा लागतो. जुन्या सवयीनं जोरात, आखूड ओढलं की ठसका लागतो, हाती काही येत नाही आणि माणूस दोन दिवसांत पाकिटाकडे वळतो. कोणी शेजारी बसून शिकवलं, तर तोच माणूस टिकतो. चौथी गोष्ट धुराची. सिगारेटच्या धुरात निकोटीनशिवाय असे पदार्थ असतात, जे मेंदूतल्या एका विकराचं काम मंदावतात. 1996 मध्ये जोआना फाउलर यांनी मेंदूच्या चित्रणातून दाखवलं, की ओढणाऱ्यांत ते विकर सुमारे 40 टक्क्यांनी कमी असतं. व्हेपच्या वाफेत ही भर जवळपास नसते. काहींना ‘काहीतरी कमी पडतंय’ असं वाटतं, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. आणि पाचवी गोष्ट भोवतालची. घरात, कामावर सगळेच ओढणारे असतील, तर एकट्यानं वेगळं राहणं फार कठीण.

व्हेपमधली निकोटीनची उणीव 2015 मध्ये जूल या नव्या यंत्रानं भरून काढली. स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या जेम्स मोन्सीस आणि अ‍ॅडम बोवेन यांनी द्रवात बेंझोइक आम्ल मिसळलं. आम्लामुळे निकोटीन क्षाररूप होतं, घशाला सोसवतं आणि भरपूर प्रमाणात छातीत घेता येतं. 1839 च्या पिवळ्या पानानं जे केलं, तेच इथे प्रयोगशाळेत घडलं. अट्टल ओढणाऱ्याला पहिल्यांदा खरा तोडीचा पर्याय मिळाला. पण घशाला न बोचणारं निकोटीन पंधरा वर्षांच्या, कधी सिगारेट न शिवलेल्या पोरालाही तितकंच सोपं होतं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलच्या 27.5 टक्के विद्यार्थ्यांनी मागच्या महिन्याभरात व्हेप ओढल्याचं राष्ट्रीय पाहणीत सांगितलं. ओढणाऱ्यासाठी जी सोय, तीच न ओढणाऱ्यासाठी दार उघडून देते. या वस्तूबद्दलचा प्रत्येक देशातला वाद इथेच येऊन ठेपतो.

युरोपीय संघानं मात्रा मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमवर रोखली. ब्रिटननं सोडू पाहणाऱ्या प्रौढांना व्हेप सुचवलं. भारतानं 2019 मध्ये सप्टेंबरात वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा करून ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, आयात आणि जाहिरात बंद केली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून इथे चोरून विकत घेतलेल्या, आत काय आहे हे ठाऊक नसलेल्या यंत्राची शिफारस करता येत नाही. शिवाय महाराष्ट्राचं दुखणं वेगळं आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत इथले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि 24.4 टक्के धूरविरहित तंबाखू खात होते. मिश्री, खर्रा, तंबाखू-चुना सोडवायला वाफेचा काय उपयोग?

पण या इतिहासातला धडा आपल्याला पुरेपूर लागू आहे. पर्याय माणसाच्या मापाचा असावा लागतो. सोडायचं ठरवलं असेल, तर डॉक्टरांना आधी हे सांगा, की उठल्यावर किती वेळात पहिली तलफ येते, आधी काय करून पाहिलं आणि ते कुठे फसलं. एकटा पॅच किंवा एकटा गम कमी पडत असेल, तर दोन्ही मिळून वापरल्यास जास्त उपयोग होतो. गोळीचाही मार्ग आहे. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी 1800-11-2356 या क्रमांकावर विनाशुल्क आहे. आणि घरातलं कोणी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा प्रयत्न करत असेल, तर त्याला टोमणा मारू नका. मागच्या वेळी त्याचं मन कमी पडलं असं धरून चालू नका. बहुतेक वेळा पर्यायाचं माप चुकलेलं असतं, आणि ते बदलता येतं.