तबकडीचे घराणे

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या रोह्याच्या घरी अशीच एक पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात आजोबांच्या वेळच्या लाखेच्या सात तबकड्या होत्या आणि त्यांच्यावर, कागदी पाकिटात, माझ्या बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी. लग्न २००५ सालचे. त्यात आईने स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हटली आहेत. आई पुढे नऊ वर्षांनी गेली. तिचा आवाज जपून ठेवलेली दुसरी कोणतीही वस्तू आमच्या घरात नाही.

सुटी संपल्यावर ती तबकडी मी पेणला आणली आणि माझ्या जुन्या यंत्रात घातली. सीमांतपूजन झाले, नवरदेव बोहल्यावर चढले, अंतरपाट धरला गेला, आणि चित्र थिजले. पुन्हा लावली, पुन्हा तेच. अंतरपाट काही केल्या दूर होईना!

माझी विद्या मॅट्रिकपुरती. तिच्या बळावर शाळेत मुले शिकविली आणि चार कादंबऱ्या लिहिल्या. पण यंत्राचे ज्ञान तिच्यात बसत नाही. तेव्हा चांगले यंत्र कोणते, या प्रश्नाचा अभ्यास मास्तराच्या सवयीने मुळापासून सुरू केला. त्यातून हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

एडिसनने १८७७ साली आवाज पकडला तो नळकांड्यावर. नळकांड्याच्या हुबेहूब प्रती काढणे जिकिरीचे. एमिल बर्लिनरने दहा वर्षांनी सपाट तबकडी पुढे आणली, आणि साच्यातून चकल्या पाडाव्यात तसा गवयाचा गळा हजारोंनी पाडता येऊ लागला. फ्रेड गैसबर्ग हा त्याच्या तालमीतला ध्वनिमुद्रक १९०२ साली कलकत्त्यास आला आणि त्या नोव्हेंबरात गौहरजानचे गाणे त्याने उतरवून घेतले. गाणे संपताच बाई इंग्रजीत स्वतःचे नाव सांगतात. मूळ ठसे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तेथील कारखान्यात तबकड्या निघत. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे कसे?

मराठी माणसाला या सनावळीत एक गोष्ट बोचते. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर वारले फेब्रुवारी १९०१ मध्ये. अवघे पावणेदोन वर्षांचे अंतर! भाऊरावांचा आवाज कसा होता हे आपण केवळ ऐकणाऱ्यांच्या लेखांवरून मानतो. यंत्र जरा उशिरा आले की काय जाते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. आईची तबकडी हाती घेतली की मला हटकून भाऊराव आठवत.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर गाणे मावे ते तीन मिनिटांचे, फार तर थोडे अधिक. रंगभूमीवर 'वन्समोअर' घेत घेत बालगंधर्वांचे एकेक पद किती वेळ चाले, आणि तबकडीवर तेच पद कसे अंग चोरून बसे! तरी लोकांनी त्या तीन मिनिटांवर जीव टाकला. यंत्र घेणारा तेव्हाही चोखंदळ होता. स्प्रिंग एकेरी की दुहेरी, कर्णा बाहेर की पेटीत दडविलेला, आवाज फाटतो की गोल येतो, हे तो दुकानात कान देऊन पाही. पोलादी सुई दर बाजूला बदलायची, नाही तर तबकडी झिजायची. चावी उतरू लागली की गवयाची पट्टीही उतरे. म्हणून वेगाचा स्क्रू असे, आणि तो नेमका कुठे ठेवायचा हे ठरविण्यास घरात एक तरी सुरेल कान लागे. आमच्याकडे तो मान आजीचा होता, असे वडील सांगतात.

पुढे १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीची लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे गाणे राहू लागले. मग कॅसेट आली. तिचे पुराण येथे नको. १९८२ साली फिलिप्स आणि सोनी यांची सीडी निघाली, आणि मौज अशी की तिच्या पहिल्या प्रती ज्या कारखान्यात निघाल्या तो लांगेनहागेनचा, म्हणजे पुन्हा हॅनोव्हरच्याच शेजारचा! गौहरजानची तबकडी जेथून आली त्याच गावच्या वेशीवर ऐंशी वर्षांनी तबकडीने नवा जन्म घेतला. कुळाचार मात्र उलटा झाला. लाखेची तबकडी बाहेरून आत वाचली जाई, सीडी आतून बाहेर; आणि सुईच्या जागी आला लेसरचा किरण, जो कशास स्पर्श करीत नाही म्हणून काही झिजवीत नाही.

आमच्या पिढीने या घराण्यातला चित्र दाखविणारा मुलगा प्रथम पाहिला तो व्हीसीडीच्या रूपात. बारा सेंटिमीटरच्या त्या चकतीवर चौऱ्याहत्तर मिनिटेच मावत, म्हणून एका चित्रपटाला दोन-तीन चकत्या. मी नवा मास्तर असताना अत्र्यांचा १९५३ सालचा 'श्यामची आई' वर्गात व्हीसीडीवर दाखविला होता. वनमालाबाईंच्या चेहऱ्यावर चौकटी चौकटी उमटत होत्या. मुले तरीही रडली; मात्र रडण्याचे श्रेय चित्रपटाचे, यंत्राचे नव्हे.

डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात निघाली, आणि आपल्याकडे ती खरी घरोघर गेली मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी अठ्ठावीस आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकायला काढली तेव्हा. पण डीव्हीडीच्या चित्रात आडव्या रेघा ५७६, आणि आजच्या मोठ्या पडद्यास हव्यात १०८० किंवा २१६०. उरलेल्या रेघा यंत्राने मनाने भरायच्या. महाग आणि स्वस्त यंत्रांतला भेद येथे दिसतो. आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात ज्याने उभे राहून पाहिले आहे त्याला हे चटकन समजेल. साच्यातून मूर्ती सगळ्यांच्याच निघतात. पण डोळ्यांची आखणी करणारा हात निराळा असतो. चांगला हात मूर्तीत जीव आणतो, कच्चा हात तिला बटबटीत करतो. यंत्राचेही तसेच. रेघा भरताना नटाची पापणी जागेवर राहते की तिला दाते फुटतात, एवढेच पाहावे.

आणखी दोन खाचा सांगतो. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रांचा. पाल पद्धतीच्या तबकडीवर तो बहुधा पंचवीसच्या वेगाने धावतो. चार टक्क्यांची ही घाई डोळ्यांना कळत नाही, पण पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांत जेवढे अंतर असते त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश सूर चढतो. आमच्या आजीच्या कानाला ते खपले नसते. दुसरी खाच जुन्या चित्रपटांच्या आकाराची. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' जवळजवळ चौकोनी आहे. दूरचित्रवाणीने तो रुंद पडद्यावर ताणला की विष्णुपंत पागनीस चांगलेच बाळसे धरतात! यंत्राला दोन्ही बाजूंस काळी जागा सोडू द्यावी. तुकोबांना काय, जेवढी जागा मिळेल तेवढी पुरे.

आवाजाविषयी दुकानदार फार बोलतात. खरे एवढेच की एचडीएमआयच्या तारेने आकडे सरळ अँप्लिफायरकडे जात असतील, तर त्या आकड्यांचा आवाज अँप्लिफायरच करतो, आणि यंत्राच्या आतील भारी ध्वनिसामग्रीला काम उरत नाही. ज्यांना साध्या तारांनी दोन ध्वनिक्षेपकांवर गाणे ऐकायचे आहे त्यांनीच तीवर पैसे घालावेत.

२००६ मध्ये ब्लू-रे आणि एचडी-डीव्हीडी या दोन चुलत बहिणींत भांडण जुंपले. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली आणि ब्लू-रे राहिली. २०१६ साली तिची चौपट बारीक चित्राची बहीण आली. पण तोवर लोक तारेतून चित्रपट मागवू लागले होते. ओप्पो डिजिटल या कॅलिफोर्नियातील कंपनीची यंत्रे शौकीन मंडळी डोक्यावर घेत. तिने २०१८ च्या एप्रिलमध्ये नवी यंत्रे काढणे थांबविले. मोझर बेअरचेही दिवाळे त्याच साली निघाले.

तर अशा या मावळत्या बाजारात मी भाच्याला घेऊन मुंबईस गेलो. लॅमिंग्टन रोडचे नाव पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने कोणी वाट सांगत नाही. आईची तबकडी मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून नेली होती. "मामा, नेटवर सगळ्यांची परीक्षणे आहेत, तबकडी कशाला नेता?" भाचा म्हणाला. मी म्हटले, "अरे, आजी तबकडी वाजवून पाहिल्याशिवाय पेटी घेत नसे."

दुकानदार वयस्क होता. तबकडी उजेडात धरून म्हणाला, "मास्तर, ही कारखान्यातली नव्हे, घरी भरलेली." कारखान्यातील चकतीत अक्षरे खड्ड्यांच्या रूपाने छापलेली असतात, घरी भरलेलीत लेसरने रंगाचा थर जाळून डाग पाडलेले. ऊन, उष्मा आणि आमच्या कोकणातील दमट हवा यांनी तो रंग विटतो. खड्डा विटत नाही.

त्याने प्रथम सर्वांत महाग यंत्र लावले. त्याने तबकडी घेतली, थोडा वेळ घरघरला आणि सोवळ्यातल्या विधवा आत्याबाईसारखी ती बाहेर सारली. दुसरे यंत्र अंतरपाटापर्यंत आले. तिसरे मधल्या किमतीचे, एका गिऱ्हाइकाने परत केलेले. तेही अंतरपाटाशी अडखळले. चित्राच्या चिरफळ्या झाल्या, नवरदेवाचा फेटा हिरवा पडला, आणि मग त्या गोंधळातून आईचा आवाज आला. चौथ्या चरणावर तिला ठसका लागला होता, हे मी विसरलोच होतो.

भाव न करता यंत्र घेतले. भाच्याने त्याच रात्री संगणकावर तबकडीच्या तीन प्रती केल्या, एक पेणला, एक रोह्याला आणि एक स्वतःपाशी. 'संत तुकाराम'ची आखणी हे यंत्र मध्यम करते. पापण्यांना किंचित दाते दिसतात.

पाडव्याला रोह्यास यंत्र लावले. वडिलांना हल्ली कमी ऐकू येते, म्हणून आवाज मोठा केला होता. मंगलाष्टके संपली, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. वडील म्हणाले, "मागे घे." आणि चौथ्या चरणावर ठसका येताच शेजारचे पाण्याचे भांडे त्यांनी नकळत पुढे सरकविले.