‘ड’ जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडे : उपचार नेमका कशावर?

नाव जीवनसत्त्वाचे असले, तरी ‘ड’चे वागणे संप्रेरकाचे आहे, आणि ते संप्रेरक घडण्याची अखेरची पायरी मूत्रपिंडात पार पडते. उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होणारे किंवा गोळीवाटे पोटात जाणारे ‘ड’ जीवनसत्त्व मुळात निष्क्रिय असते. यकृतात त्यावर पहिली प्रक्रिया होते. प्रयोगशाळेच्या अहवालात जो आकडा आपण वाचतो, तो या साठ्याच्या रूपाचा असतो. त्यानंतर मूत्रपिंडातील एक विकर त्याचे ‘कॅल्सिट्रिऑल’ या कार्यक्षम रूपात रूपांतर करते. ही अखेरची पायरी मूत्रपिंडातच घडते, हे केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिसेक या संशोधकांनी १९७० मध्ये दाखवून दिले.

मूत्रपिंडे दीर्घकाळ आजारी असतील तर ही साखळी तुटते. कॅल्सिट्रिऑल कमी पडते, आतड्यातून कॅल्शियमचे शोषण घटते, फॉस्फरस रक्तात साठू लागतो. रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी मानेतील परावटू ग्रंथी अधिकाधिक संप्रेरक स्रवू लागतात आणि ते कॅल्शियम अखेर हाडांमधूनच ओढून घेतले जाते. हाडे दुखतात, ठिसूळ होतात. डायलिसिसवरील अनेक रुग्णांना कॅल्सिट्रिऑल किंवा पॅरिकॅल्सिटॉल दिले जाते ते या ग्रंथींना आवर घालण्यासाठी. मूत्रपिंडांचे गेलेले कार्य परत आणणे हा त्या औषधाचा उद्देश नसतो. रुग्णाचे नातेवाईक बहुधा इथेच गल्लत करतात.

मग ‘ड’ जीवनसत्त्वाने मूत्रपिंडांची झीज थांबते का? आशा वाटावी असे काही प्रथम हाती आले होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मधुमेहाच्या २८१ रुग्णांवर २४ आठवडे पॅरिकॅल्सिटॉलची परीक्षा घेतली गेली, तेव्हा मोठ्या मात्रेच्या गटात लघवीतून जाणारे अल्ब्युमिन कमी झालेले दिसले. परंतु अल्ब्युमिन घटणे आणि मूत्रपिंड वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील ‘व्हायटल’ या विशाल चाचणीचा मूत्रपिंडविषयक भाग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या १,३१२ प्रौढांवर पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. रोज २,००० एकक ‘ड’ घेणाऱ्यांची गाळणक्षमता सरासरी १२.३ ने घटली, तर ‘ड’ न घेणाऱ्यांची १३.१ ने. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. अर्थात, यातील बहुतेकांची मूत्रपिंडे आरंभी बऱ्यापैकी चांगली होती, हेही ध्यानात घ्यावे. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत, डायलिसिसवर नसलेल्या रुग्णांना कॅल्सिट्रिऑलसारखी औषधे सरसकट देऊ नयेत, असेच सुचविले आहे. साध्या ‘ड’ची कमतरता असल्यास ती मात्र इतरांप्रमाणेच भरून काढावी, असे त्यांचे म्हणणे आहे.

आणखी एक चकवा आहे. पॅरिकॅल्सिटॉल सुरू केल्यावर रक्तातील क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. ते पाहून मूत्रपिंड अधिक बिघडले असे वाटते. परंतु गाळणक्षमता थेट मोजली असता ती तशीच असल्याचे आढळले आहे. वाढते ते शरीरातील क्रिएटिनिनचे उत्पादन. म्हणून केवळ एका अहवालावरून औषध परस्पर बंद करू नये.

खरा धोका दुसऱ्या टोकाला आहे. आपल्याकडे ६०,००० एककांच्या पुड्या आणि कॅप्सूल सर्रास मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोजची गरज ६०० एकक ठरविली. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची बेगमी झाली. ‘आठवड्यातून एकदा’ हे चिठ्ठीवरील शब्द नजरेआड होऊन पुडी रोज घेतली गेली, किंवा गुडघेदुखीसाठी सहा लाख एककांची इंजेक्शने एकामागून एक टोचून घेतली, तर रक्तातील कॅल्शियम भरमसाट वाढते. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, लघवी वारंवार व पातळ होते, शरीर शुष्क होते आणि मूत्रपिंडात कॅल्शियमचे कण साचतात. अशा अतिरेकातून मूत्रपिंडे अचानक निकामी झाल्याच्या घटना काश्मीरमधील डॉक्टरांनी नोंदविल्या आहेत. ‘ड’ चरबीत साठत असल्याने औषध थांबविल्यावरही हा परिणाम कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने टिकतो.

मुतखड्याचा त्रास होऊन गेलेल्यांनी विशेष जपावे. अमेरिकेतील ३६,२८२ स्त्रियांवरील चाचणीत (२००६) कॅल्शियमच्या गोळ्यांसह ‘ड’ घेणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळले. मात्र त्यातील दोष कॅल्शियमचा किती आणि ‘ड’चा किती, हे त्या चाचणीतून वेगळे काढता येत नाही.

मूत्रपिंडविकार असलेल्या व्यक्तीने ‘ड’ सुरू करण्यापूर्वी कॅल्शियम, फॉस्फरस आणि परावटू संप्रेरकाची तपासणी करून घ्यावी व उपचार चालू असताना ती डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा करावी. भूक मंदावणे, उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान आणि गोंधळल्यासारखे वाटणे ही कॅल्शियम वाढल्याची लक्षणे होत. ती दिसताच घरातील सर्व पुड्या आणि गोळ्या, कॅल्शियमच्यासुद्धा, बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे. एकच घटक निरनिराळ्या नावांनी पोटात जात असल्याचे अनेकदा तिथेच उघडकीस येते.