दंडावरचा वण

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांनी आपला दंड जरा नीट पाहावा. देवी काढल्याचा गोल वण बहुतेकांना सापडेल. आपल्या देशात ही लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला.

या लसीत व्हॅक्सिनिया नावाचा जिवंत विषाणू असे. टोचल्यावर तीन-चार दिवसांत पुटकुळी येई, मग फोड पिके, खपली धरे आणि तीन आठवड्यांत सारे संपे. पण फोड बरा करण्याचे काम लस करत नसे, ते आपले शरीर करी. ज्यांच्या शरीरात ते बळच नव्हते त्यांचे काय? जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेली बाळे, रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण, यांची जखम भरतच नसे. आठवड्यामागून आठवडे ती पसरत जाई. भोवती लाली किंवा सूजही फारशी दिसत नसे, कारण आत लढणारेच कोणी नसे. असे रुग्ण अगदी विरळा, पण त्यातले बहुतेक दगावत.

भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, जगातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा १९७७ सालचा, सोमालियातला. मे १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले आणि सर्वसामान्यांना लस टोचणे थांबले. त्यानंतर साधारण वर्षभराने, जून १९८१ मध्ये, अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली!

१९८४ मध्ये तिथल्या १९ वर्षांच्या एका सैनिकाला भरतीनंतर नियमाप्रमाणे देवीची लस दिली गेली. त्याला एचआयव्हीची लागण आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. लसीचा विषाणू त्याच्या अंगभर पसरला. त्यातून तो वाचला, पुढे एड्सने गेला.

देवी आणखी वीस वर्षे टिकली असती, तर आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या डॉक्टरांपुढे काय पेच पडला असता! लस द्यावी तरी भय, न द्यावी तरी भय.

२०२२ मध्ये देवीच्याच कुळातला एमपॉक्स जगभर पसरला, तेव्हाही एचआयव्हीने प्रतिकारशक्ती पार खचलेल्यांच्याच जखमा चिघळत राहिल्या. सुदैवाने आता शरीरात न वाढणाऱ्या विषाणूची लस निघाली आहे, ती अशांनाही देता येते.

मला वाटते, आपण लस घेतो ती एकट्यासाठी नसते. आपल्या पिढीने हात पुढे केले म्हणून देवी गेली, आणि ज्यांना ती लस सोसलीच नसती तेही वाचले.

तुमच्या घरच्या देवी काढण्याच्या आठवणी असतील तर जरूर कळवा.