निरुद्योगी बॅटरीची कथा

राबणारी वस्तू झिजते आणि जपून ठेवलेली वस्तू टिकते, असा सर्वसाधारण समज आहे. पैठणी घडी घालून पेटीत ठेवली, तर ती लेकीसुनांपर्यंत पोचते. परंतु शिसे आणि गंधकाम्ल यांच्या बॅटरीला हा न्याय लागू पडत नाही. वखारीतील ओझी उचलणारे विजेचे फोर्कलिफ्ट वर्षातून चार-दोन वेळाच चालवले, तर बॅटरी शाबूत राहिली असेल असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात ऐन गरजेच्या दिवशी गाडी जागची हलत नाही, आणि न वापरलेल्या वस्तूची किंमत दुसऱ्यांदा मोजण्याची पाळी येते. असे का घडते, याचे उत्तर या बॅटरीच्या इतिहासातच दडलेले आहे.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने 1859 मध्ये शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांस चिकटू नयेत म्हणून मध्ये कापड घातले, त्यांची वळकटी केली आणि ती सौम्य गंधकाम्लात बुडवली. बाहेरून वीज दिली की हा घट ती साठवी, आणि मागितली की परत देई. पुढच्याच वर्षी त्याने अशा नऊ घटांची बॅटरी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. तिची एक खोड मात्र लक्षात ठेवण्याजोगी होती. नवा घट फारच थोडी वीज धरी. तो पुनःपुन्हा भरावा, रिकामा करावा, परत भरावा, असे दीर्घकाळ केले म्हणजेच पत्र्यांच्या पृष्ठभागाचे रूपांतर होऊन त्याची धारणशक्ती वाढे. म्हणजे हा घट जन्मतः समर्थ नव्हता. कामानेच तो समर्थ होत असे.

इतका धीर व्यापाराला परवडत नाही. 1881 मध्ये कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या तांबड्या प्राणिदाचा, म्हणजे आपण ज्याला शेंदूर म्हणतो त्याचा, लेप देण्याची युक्ती काढली. आपल्याकडे देवाच्या दगडी मूर्तीवर जो चढतो, तोच हा पदार्थ! या लेपामुळे महिनोन्महिन्यांची तयारी वाचली आणि धारणशक्तीही वाढली. त्याच वर्षी फोरच्या भरलेल्या घटांची पेटी पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम टॉमसन यांच्याकडे नेण्यात आली. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झालेल्या या पंडिताला, वीज पेटीत घालून एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते, याचेच मोठे अप्रूप वाटले.

आत काय घडते, याचा उलगडा 1882 मध्ये ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोघा इंग्रज रसायनज्ञांनी केला. घट वीज देऊ लागला की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते. भरला की ते पुन्हा मूळ रूपात जाते. ताज्या सल्फेटचे कण अगदी बारीक असतात व सहज विरघळतात. परंतु घट रिकामा अथवा अर्धवट भरलेला पडून राहिला, तर हेच कण हळूहळू मोठे व कठीण स्फटिक बनतात. ते मग विजेला दाद देत नाहीत. शिवाय कोणी वीज न मागताही घट आतल्या आत रिता होतच असतो, आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत हा वेग आणखी वाढतो. उद्योगाने जन्मलेल्या घटाला आळस मारतो, तो असा.

पुढे या बॅटरीला ओझ्याच्या कामावर नेमण्यात आले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया रेल्वेने 1906 मध्ये अल्टूना येथे सामान वाहण्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या वापरल्या. 1920 नंतरच्या दशकात ओझे उंच उचलणारे काटे त्यांना जोडले गेले, आणि दुसऱ्या महायुद्धात लाकडी पॅलेटवर रचलेला माल हलवताना हे यंत्र सर्वत्र पसरले. येथे शिशाचा दोष गुण ठरला. काट्यांवरील भाराने गाडी पुढे कलंडू नये म्हणून मागे वजन लागते, आणि शेकडो किलोंची बॅटरी आयतीच ते पुरवते.

क्वचित चालणाऱ्या गाडीची बॅटरी बदलताना हा सारा इतिहास कामास येतो. मोटारीच्या हलक्या बॅटऱ्या बसवण्याचा मोह पडतो. पण त्यांच्या पातळ पट्ट्या क्षणभर जोर देण्यासाठी असतात, तासन्‌तास राबण्यासाठी नव्हेत. वजन घटल्याने गाडीचा तोलही जातो, आणि तेथे प्रश्न पैशाचा नसून चालकाच्या जिवाचा असतो. लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी पडून राहणे पुष्कळ सोसते. परंतु तिला वेगळा चार्जर लागतो आणि कमी पडलेले वजन भरून काढावे लागते. ते यंत्राच्या निर्मात्याने पाटीवर दिलेल्या किमान वजनाप्रमाणेच असावे. शिशाचीच बॅटरी पुन्हा घ्यायची असेल, तर काम असो वा नसो, ती नेमाने पूर्ण भरावी, शुद्ध पाण्याची पातळी राखावी, आणि भरताना निघणारा हायड्रोजन कोंडू नये म्हणून जागा हवेशीर असावी.

राहता राहिली जुनी बॅटरी. शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणून भंगारात तिला भाव मिळतो. पण जेथे ती उघड्यावर फोडतात व शिसे आटवतात, तेथे धूर व धूळ मुलांच्या रक्तात उतरते आणि त्यांच्या बुद्धीची वाढ खुंटवते. भारतात यासाठी 2001 मध्ये नियम झाले व 2022 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. जुनी बॅटरी अधिकृत मार्गानेच परत जावी, हा त्यांचा आशय. आपल्या हयगयीने अकाली मेलेल्या बॅटरीचे विष दुसऱ्याच्या लेकराच्या वाट्याला येऊ नये, एवढे भान त्यामागे आहे.

शुभवर्तमानात एका चाकराचा दृष्टांत आहे. धन्याने दिलेले द्रव्य हरवेल, या भीतीने त्याने ते जमिनीत पुरून ठेवले, आणि जपल्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी त्याला बोलच ऐकावे लागले. पुरलेले द्रव्य निदान तेवढेच राहिले होते. कोपऱ्यात विसरलेली बॅटरी तेवढीही उरत नाही.