दाढेत चांदी भरायची की सिमेंट? खुर्चीत बसण्याआधी हे वाचा

दाढेवर काळा डाग दिसतो, जेवताना कण अडकतो, गार पाणी लागलं की कळ येते. मग आपण लवंग दाबतो, दुसऱ्या बाजूने चावतो आणि दवाखाना पुढच्या बाजारच्या दिवसावर ढकलतो. लवंगेनं ठणका थोडा वेळ थांबतो, कीड थांबत नाही. शेवटी तालुक्याला गेल्यावर डॉक्टर विचारतात, ‘चांदी भरू का सिमेंट?’ आणि बरेच जण ‘स्वस्तातलं भरा’ म्हणून मोकळे होतात. पण यात फक्त रंगाचा आणि पैशाचा फरक नाही.

चांदी म्हणजे काय?

नाव चांदी असलं तरी ती निव्वळ चांदी नसते. वजनानं साधारण निम्मा पारा असतो. उरलेल्या भागात चांदी, कथील आणि तांबं यांची पूड असते. हे मिश्रण दाढेत दाबून बसवतात. मागच्या दाढांवर चावण्याचा जोर पडतो, तिथे चांदी चांगली टिकते. नीट भरलेली चांदी दहा-पंधरा वर्षंही जाते. भरताना थोडी लाळ आली तरी फारसं बिघडत नाही.

तोटा असा, की चांदी दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून किडीबरोबर थोडा चांगला दातही कोरावा लागतो. शिवाय रंग काळपट दिसतो.

‘सिमेंट’ दोन प्रकारचं असतं

इथेच गल्लत होते. दातासारखं दिसणारं काहीही भरलं की आपण त्याला सिमेंट म्हणतो. प्रत्यक्षात दोन वेगळ्या वस्तू आहेत.

पहिलं ग्लास आयोनोमर. हे दाताला चिकटतं आणि त्यातून हळूहळू फ्लोराइड सुटतं. दुधाचे दात आणि हिरडीजवळची कीड यासाठी ते सोयीचं. पण मोठ्या दाढेच्या चावण्याच्या जागी लवकर झिजतं.

दुसरं कंपोझिट. हे थराथरानं भरून निळ्या लाइटनं कडक करतात. रंग दाताशी जुळतो, दात कमी कोरावा लागतो. पण भरताना दात पूर्ण कोरडा लागतो. लाळ किंवा रक्त लागलं तर ते नीट चिकटत नाही आणि कडेनं पुन्हा कीड शिरते. वेळ जास्त लागतो, म्हणून खर्चही जास्त.

त्यामुळे नुसतं ‘सिमेंटचे किती?’ असं विचारू नका. ग्लास आयोनोमर की कंपोझिट, ते आधी विचारा.

पाऱ्याची भीती किती खरी?

चांदीतून चावताना पाऱ्याची अगदी थोडी वाफ सुटते. सर्वसाधारण माणसाला त्यानं अपाय होतो, असं सिद्ध झालेलं नाही. तरी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये काही जणांना शक्यतो नवी चांदी भरू नये असा सल्ला दिला. त्यात गरोदर बाया, बाळाला अंगावर पाजणाऱ्या आया, लहान मुलं, किडनीचा त्रास असलेले आणि पाऱ्याची अॅलर्जी असलेले लोक येतात.

पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी मिनामाता नावाचा जागतिक करार आहे. भारतानं तो २०१८ मध्ये मंजूर केला. पारा माती-पाण्यात जातो, हे त्यामागचं मोठं कारण. युरोपियन युनियननं २०२५ पासून दातात चांदी भरणं जवळपास बंद केलं आहे.

पण ज्यांच्या दाढेत आधीच चांदी आहे, त्यांनी घाबरून ती काढायला जाऊ नये. काढताना पाऱ्याची वाफ जास्त सुटते आणि चांगला दातही कोरला जातो. चांदी तुटली, हलली किंवा खाली कीड लागली तरच काढायची. गरोदरपणात तर विनाकारण हात लावू नये.

मग कुणी काय भरावं?

- पुढचा दात: कंपोझिट.
- मुलांचे दुधाचे दात: बहुतेक वेळा ग्लास आयोनोमर.
- मागची दाढ, कीड लहान आणि दात कोरडा ठेवता येतो: कंपोझिट.
- मागची दाढ, खड्डा मोठा, कीड हिरडीखाली, लाळ थांबत नाही: मोठ्या माणसाला चांदी अजूनही टिकाऊ.
- रात्री आपोआप ठणका लागतो किंवा हिरडीला पू येतो: आता नुसतं भरून भागणार नाही. रूट कॅनाल करावं लागेल किंवा दाढ काढावी लागेल.

डॉक्टरांना हे विचारा

कीड किती खोल आहे? एक्स-रे लागेल का? नेमकं काय भरणार आणि एकूण खर्च किती? गरोदर असाल, किडनीचा आजार असेल तर आधीच सांगा. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतविभाग असेल तर केसपेपर काढून तिथे आधी दाखवा. नोंदणी नसलेल्या, रस्त्यावर बसून दात भरणाऱ्याकडे जाऊ नका.

भरल्यावर काय पाळायचं?

चांदी पूर्ण कडक व्हायला साधारण २४ तास लागतात, तोवर त्या बाजूनं चावू नका. कंपोझिट लगेच कडक होतं, पण तोंडाची बधिरता जाईपर्यंत जेवू नका, गाल चावला जातो. चावताना ते उंच लागत असेल तर परत जाऊन घासून घ्या.

मिसरी बंद करा, त्यात तंबाखू असते. दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासा. काहीही भरलं तरी कडेनं पुन्हा कीड लागू शकते. डाग दिसला तेव्हाच गेलात तर थोडक्यात भागतं, ठणका लागेपर्यंत थांबलात तर खर्च वाढतो आणि दाढही जाते.