फोर्ट्रान, सी आणि एक न वाचलेली अट

अनुवादाचा विचार करताना आपण बहुधा दोनच मार्ग गृहीत धरतो : मूळ संहिता आपल्या भाषेत आणावी, किंवा आपणच ती मूळ भाषा शिकून घ्यावी. तिसराही एक मार्ग आहे. संहिता तिच्या भाषेतच राहू द्यायची, आपण आपल्या भाषेत बोलायचे, आणि मध्ये देवघेवीचे काही नियम ठरवून घ्यायचे. फोर्ट्रान या संगणकीय भाषेत लिहिलेली गणिती रूटीने आणि त्यांना सी या दुसऱ्या भाषेतून हाक मारण्याची रीत यांचा इतिहास हा मुख्यतः या तिसऱ्या मार्गाचा इतिहास आहे. त्यात येणारे प्रश्न पाठ, अनुवाद आणि परंपरा यांचेच असल्यामुळे वाङ्मयाच्या अभ्यासकालाही ते अनोळखी वाटू नयेत.

फोर्ट्रान ही आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली भाषा. तिचा पहिला कंपायलर १९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी बाहेर पडला. गणिती सूत्र कागदावर जसे लिहिले जाते तसेच यंत्राला सांगता यावे, हा तिचा हेतू. वैज्ञानिक आणि अभियंते यांनी ती लगेच आपलीशी केली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत आकडेमोडीचे फार मोठे भांडार तिच्यात साचत गेले.

या भांडारातील अत्यंत प्रतिष्ठित भाग मात्र मुळात फोर्ट्रानचा नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ब्रिटिश गणिती जेम्स विल्किन्सन आणि जर्मन गणिती क्रिश्चन राइन्श यांनी १९७१ साली मॅट्रिक्सविषयक रीतींचा एक संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मॅट्रिक्स म्हणजे आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांत मांडलेला आकड्यांचा चौकोन. हा संग्रह अल्गोल या भाषेत होता. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यातील रीतींचे फोर्ट्रानमध्ये भाषांतर झाले, कसून चाचण्या झाल्या, आणि त्यातून आइसपॅक हा रूटीनसंच सिद्ध झाला. १९७९ साली लिनपॅक आले, आणि १९९२ साली या दोहोंची जागा घेण्यासाठी लॅपॅक. म्हणजे आज ज्याला आपण मूळ म्हणतो, तेही एका पिढीपूर्वीचे भाषांतरच होते.

अशा संहितेला अधिकार येतो तो कोठून? संगणक दशांश अपूर्णांक ठरावीक अंकांपर्यंतच साठवतो. त्यामुळे प्रत्येक बेरजेत किंचित चूक राहते, आणि बेरजांचा क्रम बदलला की उत्तरही किंचित बदलू शकते. कागदावर समान असणारी दोन सूत्रे यंत्रावर समान राहत नाहीत. म्हणून येथे आशय तोच ठेवून शब्द बदलण्याची मुभा फार थोडी. वर्षानुवर्षांच्या वापराने ज्याच्या चुका निघून गेल्या आहेत, असा पाठ हाती असताना तो नव्याने लिहिण्याचे धाडस सुज्ञ माणूस सहसा करीत नाही.

दरम्यान १९७२च्या सुमारास बेल लॅबमध्ये डेनिस रिची यांनी सी ही भाषा घडवली. युनिक्स ही संचालन प्रणाली तिच्यात पुन्हा लिहिली गेली, आणि पाहता पाहता व्यवस्थेची भाषा सी आणि गणिताची भाषा फोर्ट्रान अशी वाटणी झाली. एकाच यंत्रावर नांदणाऱ्या या भाषांना एकमेकींशी बोलणे भागच होते. पण त्यांच्या चालीरीती वेगळ्या होत्या. सी आपले अंक शून्यापासून मोजते, फोर्ट्रान एकपासून. सी मॅट्रिक्स स्मृतीत ठेवते ती ओळीमागून ओळ. फोर्ट्रान ठेवते ती स्तंभामागून स्तंभ. त्यामुळे सीने दिलेली मॅट्रिक्स फोर्ट्रानला ओळींचे स्तंभ झालेली अशी दिसते. जाणते लोक दोन मॅट्रिक्सांचा गुणाकार मागताना त्यांचा क्रमच उलटा करून मागतात. मग दोन्ही उलटापालटी एकमेकींना छेद देतात आणि उत्तर सुलटे येते.

तिसरा भेद अधिक सूक्ष्म आहे. सी एखाद्या रूटीनला आकडा देते तेव्हा त्याची प्रत देते. फोर्ट्रानची रीत तो आकडा जेथे ठेवला आहे तेथील पत्ता देण्याची. म्हणून सीमधून फोर्ट्रानला साधा एक हा आकडा द्यायचा असला, तरी आधी त्याला स्मृतीत घर द्यावे लागते आणि मग त्या घराचा पत्ता कळवावा लागतो.

१९७८ साली स्ट्युअर्ट फेल्डमन आणि पीटर वाइनबर्गर यांनी बेल लॅबमध्येच युनिक्ससाठी फोर्ट्रान ७७चा कंपायलर तयार केला. तो स्वतः सीमध्ये लिहिलेला होता. दोन भाषांमधील देवघेवीचे नियम त्याच्या माहितीपत्रकात नोंदलेले आहेत. फोर्ट्रान रूटीनच्या नावाच्या शेवटी एक अधोरेघ जोडली जाईल, म्हणजे त्याच नावाच्या सी रूटीनशी गल्लत होणार नाही. आणि एखादे अक्षर किंवा शब्द रूटीनला द्यायचा असेल, तर त्याची लांबी किती हे सर्वांत शेवटी, वेगळे सांगितले जाईल. फोर्ट्रानमध्ये लिहिणाऱ्याला ही लांबी कधी दिसत नाही. कंपायलर ती गुपचूप जोडतो. सीमधून हाक मारणाऱ्याने मात्र ती स्वतः द्यायची. फोर्ट्रानच्या प्रमाणग्रंथात या नियमाचा उल्लेख नव्हता; तो त्या कंपायलरचा शिरस्ता होता, आणि पुढे इतर अनेक कंपायलरांनी तो थोड्याफार फरकाने उचलला.

भाषांतराचा मार्ग कोणी चोखाळलाच नाही असे नाही. त्याच बेल लॅबच्या वर्तुळात १९९० साली एफ-टू-सी हे साधन आले. फोर्ट्रान संहिता दिली की ते आपोआप सी संहिता काढून देई. लॅपॅकचे सी रूप, सीलॅपॅक, याच वाटेने जन्मले. ते सी आहे खरे. पण त्यात मोजणी एकपासूनच आहे, स्तंभांचा हिशेब हाताने मांडलेला आहे, आणि एक या आकड्याला तेथेही स्वतःचे घर आहे. शब्द सीचे, वाक्यरचना फोर्ट्रानची! यंत्रासाठी हे भाषांतर निर्दोष आहे, परंतु वाचण्यासाठी, सुधारण्यासाठी ते कोणी उघडत नाही. दुरुस्ती करायची ती मुळातच. लॅपॅकच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या आणि सीलॅपॅक मागे राहिले. जिच्यात कोणी लिहीत नाही अशा प्रतीचे दुसरे काय व्हायचे?

म्हणून बहुतेकांनी दुभाष्याचाच मार्ग धरला, आणि नेमकी तेथेच एक अट दुर्लक्षित राहिली. लॅपॅकच्या अनेक रूटीनांना एकेक अक्षर द्यावे लागते : मॅट्रिक्सचा वरचा त्रिकोण घ्यायचा की खालचा, ती पालटून घ्यायची की आहे तशी. अक्षर एकच, तेव्हा लांबीही एकच. रूटीन ती कधी पाहतही नाही. मग ती द्यायची कशाला? सीमधून हाक मारणाऱ्या असंख्य लेखकांनी ती गाळली. संख्याशास्त्रज्ञांच्या आर या भाषेत आणि तिच्या अनेक पॅकेजांत ती गाळलेली होती. लॅपॅकच्या स्वतःच्या सी दुभाष्यातही ती नव्हती. कित्येक वर्षे काही बिघडले नाही.

२०१९ साली बिघडले. जीएनयूच्या फोर्ट्रान कंपायलरमध्ये बदल झाला होता. एखाद्या रूटीनचे शेवटचे काम दुसऱ्या रूटीनला हाक मारणे एवढेच असेल, तर पहिल्याला जी माहिती मिळाली होती तिचीच जागा तो दुसऱ्याच्या माहितीसाठी पुन्हा वापरू लागला. हे करण्याचा त्याला अधिकार होता, कारण करारानुसार त्या जागेत लांबीचाही समावेश होता. सीमधल्या लेखकांनी मात्र लांबी गाळली, तेव्हा तिची जागाही राखली नव्हती. फोर्ट्रान जेथे लांबी लिहू लागले, तेथे हाक मारणाऱ्याचे दुसरेच काही ठेवलेले असे. ते पुसले जाऊ लागले, आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली पॅकेजे कोसळू लागली. शेवटी दोन्ही बाजूंनी पाऊल उचलले : कंपायलरच्या कर्त्यांनी जुन्या संहितांसाठी पळवाट ठेवली, आणि आरच्या कर्त्यांनी आपल्या संहितेत लांबी देण्याची सोय केली.

विशेष म्हणजे सनदशीर तोडगा त्याआधीच उपलब्ध होता. सीशी कोणत्या रीतीने बोलायचे, हे फोर्ट्रानच्या २००३च्या प्रमाणग्रंथाने पहिल्यांदाच लेखी ठरवून दिले होते. पण नवा कायदा नव्या लेखनाला लागू होतो. जुन्या रूटीनांभोवतीचा जुना व्यवहार शिरस्त्यानेच चालत राहिला.

या घटनेत दोष कोणाचा, असा वाद तेव्हा झाला. माझ्या मते त्यातून निघणारी गोष्ट वेगळी आहे. अनुवादात जे गळते त्याची चर्चा आपण पुष्कळ करतो. दुभाषेपणात जे गळते त्याची फारशी करीत नाही, कारण तेथे संहिता शाबूत असते आणि काम चाललेले असते. गाळलेल्या गोष्टीवाचून आज काही अडत नाही, म्हणून ती निरर्थक होती असे आपण ठरवून टाकतो. परंतु परंपरेतील एखादी अट नेमकी कोणासाठी आहे, हे ती पाळणाऱ्याला नेहमी कळतेच असे नाही. लांबी हा तपशील त्या वेळच्या रूटीनसाठी नव्हताच. तो पुढे कधीतरी येणाऱ्या कंपायलरसाठी होता.

आज आर किंवा पायथन वापरून एकघाती समीकरणे सोडवणाऱ्या विद्यार्थ्याने फोर्ट्रानची एक ओळही पाहिलेली नसते. तरीही त्याचा प्रश्न पुष्कळदा सीच्या एखाद्या दुभाष्यामार्फत लॅपॅकपर्यंत जातो, आणि तेथील रीतीत विल्किन्सन यांच्या पिढीचा हात असतो. अल्गोलपासून चालत आलेला तो पाठ टिकला याचे श्रेय त्याच्या गुणवत्तेला आहेच. पण प्रत्येक पिढीत कोणीतरी नावापुढची अधोरेघ न विसरता जोडली, पत्ता बिनचूक दिला, यालाही ते तितकेच आहे.